एकच खटला, कागदावर आणि पडद्यावर

सिगारचा एक जुना डबा उघडतो. आत रंगीत खडू, गोट्या, शिट्टी, साखळीचं घड्याळ, कोरलेल्या बाहुल्या. कोवळा हात खडूने पक्षी काढतो आणि तोच कागद टरकावतो. 1962 सालच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ची ही श्रेयनामावली. डब्यातल्या काही वस्तू हार्पर ली यांच्या 1960च्या कादंबरीतल्या आहेत, पण त्या अशा एकत्र मांडण्याची कल्पना सिनेमाची.

कादंबरीची 31 प्रकरणं 129 मिनिटांत बसवायची म्हणजे कात्री आलीच. पटकथाकार हॉर्टन फूट यांना ऑस्कर मिळालं ते उगीच नाही. काही ठिकाणी त्यांनी मूळ प्रसंगावर ताण केली आहे.

उदाहरणार्थ, टॉम रॉबिन्सनचा हात. अलाबामातलं गाव, 1930चं दशक. गोऱ्या मायेलावर बलात्कार केल्याचा आरोप कृष्णवर्णीय टॉमवर आहे. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंगमध्ये सापडून निकामी झालेला. पुस्तकात तो शपथ घेताना हा हात बायबलवर ठेवायला जातो, तर हात घसरून टेबलावर आपटतो. सिनेमात टॉमचा वकील ॲटिकस फिंच त्याच्याकडे पेला फेकतो. टॉम उजव्या हाताने झेलतो. आता डाव्याने झेल, म्हटल्यावर नाही जमत. पडद्यासाठी हा बदल बिनतोड आहे, मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पुरावा दिसतो.

पण कात्री कुठे चालली ते पाहिलं की कुरबूर सुरू होते. पुस्तकात खटला 17 ते 21 या पाच प्रकरणांत येतो. सिनेमात तो मध्यभागी बसतो आणि ग्रेगरी पेक यांचा ॲटिकस सगळी चौकट व्यापतो. बाराव्या प्रकरणातलं चर्च मात्र गायब होतं.

फिंच कुटुंबाचं घर सांभाळणारी कॅलपर्निया जेम आणि स्काउट या ॲटिकसच्या दोन्ही मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. मुक्त झालेल्या गुलामांनी पहिल्या कमाईतून घेतलेली ही इमारत, आठवड्यात इतर दिवशी गोरे तिथे जुगार खेळतात. बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून एकजण पुस्तकातून ओळ म्हणतो आणि बाकीचे ती गातात. टॉमच्या बायकोला कुणी काम देईना, तर तिथले पाद्री रेव्हरंड साइक्स दारं लावून घेतात आणि 10 डॉलर जमेपर्यंत कुणाला सोडत नाहीत. गोरी मुलं इथे कशाला आणली, असं तोंडावर विचारणारी ल्युला इथेच भेटते. कॅलपर्निया इथे वेगळ्याच बोलीत बोलते, ते ऐकून छोटी स्काउट चक्रावते. सिनेमात साइक्स उरतात ते कोर्टाच्या माडीवर, ॲटिकस बाहेर पडताना स्काउटला उभं राहायला सांगण्यापुरते. ल्युला तर नाहीच. कृष्णवर्णीयांचं स्वतःचं जग असं वजा झालं की उरतात त्यांची सोसणारी माणसं आणि त्यांना वाचवू पाहणारा एक गोरा वकील. माझ्या मते सिनेमाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

टॉमचा मृत्यूही बदललाय. सिनेमात निकालाच्या रात्रीच बातमी येते: सुरक्षेसाठी दुसऱ्या गावी नेताना तो पळाला, डेप्युटीने जखमी करायला गोळी झाडली, नेम चुकला आणि तो मेला. म्हणजे अपघात. पुस्तकात तो तुरुंगाच्या शेतावर आहे, अपील व्हायचंय. कुंपणावर चढताना पहारेकरी गोळ्या घालतात. अंगावर सतरा छिद्रं. इतक्या गोळ्या घालायची गरज नव्हती, असं ॲटिकस म्हणतो.

हे तो सांगतो स्वयंपाकघरात. पलीकडे गावातल्या बायकांचा चहा चाललाय. दूरदेशीच्या एका जमातीसाठी त्या हळहळून झाल्या आहेत आणि निकालापासून तोंड पाडून वावरणाऱ्या आपल्या मोलकरणींबद्दल कुरकुरूनही. ॲटिकस कॅलपर्नियाला घेऊन टॉमच्या बायकोकडे निघतो. अलेक्झांड्रा आत्या, जी सिनेमात नाहीच, स्वतःला सावरते आणि पाहुण्यांमध्ये परतते. स्काउट तिच्यामागोमाग बाहेर जाते आणि बिस्किटांचं ताट उचलते.