उभं पाणी

मंडळी, माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. त्यामुळे कालवा दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो उताराचा. आपला मुख्य कालवा पाच-सहा हजार फुटांना एखादा फूट उतरतो आणि तेवढ्यावर शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोचवायचं असतं. मुलगी इंग्लंडमध्ये राहते म्हणून तिकडे जाणं झालं. तिच्या घराजवळच्या कालव्यावर पहिल्याच दिवशी मी पाण्यात एक पान टाकलं आणि बघत उभा राहिलो. पान हललं ते वाऱ्याने. पाणी जागचं हलत नव्हतं.

आपला कालवा वाहतो, त्यांचा उभा असतो, एवढ्या एका फरकातून मला इंग्लंडच्या खेड्यापाड्यातलं पाणी समजत गेलं. आपण कालवा खणतो तो शेतासाठी. त्यांनी खणला तो मालासाठी. १७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने वर्सलीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा सुरू केला आणि शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. खडबडीत रस्त्यावर एक घोडा टन-दीड टन ओढायचा. तोच घोडा काठाने चालत पंचवीस-तीस टनांची नाव ओढू लागला. मग देशभर खोदाई सुरू झाली.

त्या घोड्यांची खूण आजही सापडते. पुलाखालच्या वळणावर दगडाचा कोपरा झिजू नये म्हणून लोखंडी पट्टी बसवलेली असते. तिच्यावर हात फिरवा. बोटाएवढ्या जाडीच्या खोल खाचा लागतात, एकाखाली एक, तिरक्या. ओल्या, वाळू चिकटलेल्या दोराने शे-दीडशे वर्षं घासघासून लोखंड कापलेलं आहे. माझं बोट त्या खाचेत पूर्ण बसलं. आपल्याकडे विहिरीच्या काठाला रहाटाच्या दोराच्या खाचा पडतात ना, तशाच.

आता पाणी उभं ठेवायचं तर ते मुरता कामा नये. जेम्स ब्रिंडली हा या कालव्यांचा पहिला मोठा इंजिनिअर. मूळचा गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारा, लिहिण्या-वाचण्यात जेमतेम. त्याने चिकणमाती पाण्यात तुडवून तिचा दोन-तीन फूट जाड थर कालव्याच्या पोटात दिला. तुडवायला कित्येकदा गुरांचा कळप आत सोडायचे. आपण मातीच्या धरणाच्या पोटात काळ्या मातीचं हार्टिंग, म्हणजे पाणी अडवणारा गाभा, घालतो, त्याचंच हे भावंड. हे वाचलं तेव्हा मला तो माणूस फार जवळचा वाटला.

आणि टेकडी आली की लॉक. मराठीत जलपाश असा शब्द आहे, पण कालव्यावर मी तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. पाणी चढतं तशी नाव चढते. दाराची दोन पानं वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट आवळून धरतो. मी एक लॉक स्वतः चालवलं. दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावली, जमिनीत बसवलेल्या विटांच्या कडांवर टाचा रोवल्या आणि रेटत राहिलो. आतबाहेरचं पाणी एका पातळीला येईपर्यंत दार तसूभर हललं नाही. पातळी जुळली आणि तेच भलंमोठं दार एका म्हाताऱ्या माणसाच्या पाठीने उघडलं.

पण माझ्यातला पाटबंधारेवाला तिथे थांबेना. ग्रँड युनियन कालव्याचं लॉक रुंद आहे, दोन नावा शेजारी शेजारी मावतात. एका खेपेला दोन लाख लिटरच्या वर पाणी खाली उतरतं. नाव टेकडीचा माथा ओलांडते तेव्हा एक हौदभर पाणी या अंगाला जातं, एक त्या अंगाला. दिवसाला दहा नावा धरल्या तर माथ्यावरून चाळीस लाख लिटर गेले. माथ्यावर नदी नसते. मग हे पाणी येतं कुठून?

त्या प्रश्नाच्या मागे मी हर्टफर्डशायरमधल्या ट्रिंगला गेलो. चिल्टर्न टेकड्यांत या कालव्याचा एक माथा आहे. मार्सवर्थच्या सात लॉकांच्या कडेने चढत गेलं की बाजूला तळी लागतात. वेताची बेटं, गळ टाकून बसलेली माणसं, पाणपक्षी. कुणालाही वाटेल की हे निसर्गाचंच देणं. पण ही तळी कालवा कंपनीने बांधलेले साठवण तलाव आहेत. विल्स्टनचं काम १८०२ मधलं, बाकीचे तलाव त्यानंतरच्या पंधरा वर्षांतले. गंमत अशी की तलाव कालव्याच्या माथ्यापेक्षा खाली आहेत. म्हणजे पाणी उपसून वर न्यावं लागतं. पूर्वी वाफेच्या इंजिनाने उपसायचे, आता विजेच्या पंपाने उपसतात.

शेजारीच वेंडोव्हरच्या झऱ्यांचं पाणी माथ्याला आणणारी शाखा आहे. तिची कथा ऐकून आपल्या खात्यातली माणसं हळहळतील. जमीन खडूच्या दगडाची, पाणी पिणारी. शाखा इतकी गळायला लागली की माथ्याला पाणी देण्याऐवजी माथ्याचंच पाणी ओढू लागली. १९०४ मध्ये तिच्यावरची नावांची वाहतूक बंद झाली. आता स्वयंसेवक ती तुकड्यातुकड्याने दुरुस्त करत आहेत.

याच तलावांवर १९१२ च्या वसंतात ज्युलियन हक्सली सुट्टीत दुर्बीण घेऊन बसला होता. पुढे युनेस्कोचा पहिला महासंचालक झाला तोच. आपल्या टिबुकलीची थोरली, तुरेवाली बहीण म्हणजे ग्रेट क्रेस्टेड ग्रीब. बायकांच्या टोप्यांसाठी तिची इतकी शिकार झाली होती की ती इंग्लंडातून जवळजवळ संपली होती. ट्रिंगच्या तलावांवर हक्सलीने तिचं प्रियाराधन पाहिलं. नर आणि मादी चोचीत पाणवनस्पती धरून छातीला छाती लावून पाण्यावर उभे राहतात आणि माना हलवतात. त्याने ते सगळं टिपून १९१४ मध्ये प्रसिद्ध केलं. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासात तो निबंध पायाचा मानतात. नावांसाठी साठवलेल्या पाण्याने हे दिलं!

असंच एक तळं स्टॅफर्डशायरमध्ये आहे. तेही कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं. १८६३ मध्ये तिथे सहलीला आलेले एक तरुण आणि एक तरुणी भेटले. लग्न करून मुंबईला आले. तो जे. जे. कलाशाळेत शिकवू लागला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचं शिल्प आपण पाहतो, ते या लॉकवुड किपलिंगचं. १८६५ मध्ये मुंबईत त्यांना मुलगा झाला. त्याला त्यांनी त्या तळ्याचं नाव दिलं, रडयार्ड. ‘जंगल बुक’ लिहिणारा तोच.

आता शेवटी शेतातली डबकी. नॉरफोकमध्ये हिंडताना दर दोन-चार शेतांआड एक तळं दिसतं. तिथले शेतकरी हलक्या जमिनीत घालायला चुनखडीची माती खणून काढायचे. आपण तलावातला गाळ उपसून शिवारात टाकतो ना, तसंच काहीसं. खड्डे राहिले, त्यात पाणी साचलं. पुढे शेतं मोठी करायची म्हणून कितीतरी तळी बुजवली. अशा बुजलेल्या तळ्याच्या जागी जमीन ओलसर राहते, पीक मार खातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी जुने नकाशे लावून अशा जागा शोधल्या आणि खणल्या. खाली जुन्या तळाचा काळा गाळ जसाच्या तसा होता. त्यात दीडशे वर्षं पुरलेलं पाणवनस्पतींचं बी होतं आणि ते उगवलं.

परत आल्यावर मी आमच्या गावाचा जुना गावनकाशा काढून पाहिला. शाळेमागच्या मैदानाच्या जागी त्यावर तळं दाखवलंय. तिथे पावसाळ्यात अजून महिनाभर गुडघाभर पाणी असतं आणि दरवर्षी ग्रामपंचायत त्यावर मुरूम टाकते. यंदा मुरूम टाकायच्या आधी एका कोपऱ्यात चार फूट खणू द्या, असा अर्ज मी दिला आहे.