शोरूममागचे घर : खानदेशातील वाहनविक्रीच्या पेढ्या

मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरत–नागपूर महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांना छेदतात. तिथून पूर्वेकडे पारोळा, एरंडोल, जळगाव आणि भुसावळ अशी गावे मागे टाकत रस्ता विदर्भात उतरतो. या रस्त्याच्या दुतर्फा आज मोठ्या काचांची शोरूम उभी आहेत. प्रत्येक फलकावर वाहन कंपनीचे नाव ठळक अक्षरांत असते आणि त्याच्या खाली, बऱ्याच लहान अक्षरांत, एखाद्या कुटुंबाचे आडनाव, आजोबांचे नाव किंवा कुलदैवताचे नाव लिहिलेले असते. हा माहितीपट त्या लहान अक्षरांतल्या नावांविषयी आहे.

गाडी कंपनी बनवते, तिची किंमत कंपनी ठरवते, जाहिरातही कंपनीचीच असते. तरीही चोपड्याचा शेतकरी किंवा शहाद्याचा डॉक्टर गाडी घेण्याचा विचार करू लागतो, तेव्हा ‘कोणती गाडी’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणाकडून’ हा प्रश्न घरात हमखास निघतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होण्यासाठी काही कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या खर्ची घातल्या आहेत.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी ठरली. कापूस, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि रेल्वे यांच्या जोरावर इथला व्यापार भरभराटीला आला होता. मात्र मोटारगाडी ही गिरणीमालक, बडे वकील आणि सरकारी अधिकारी यांच्यापुरतीच मर्यादित होती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि पश्चिम भारतातील खरेदीदारांसाठी मुंबई हीच मोटारींची पेठ राहिली. खानदेशात त्या काळी व्यवसाय होता तो पेट्रोलचा, वंगणाचा, टायर-ट्यूबचा आणि दुरुस्तीचा. पुढे गाड्यांच्या एजन्सी घेणारी अनेक घराणी याच व्यवसायांतून किंवा धान्य-कापसाच्या आडतीतून आली. गावोगावच्या शेतकऱ्यांशी हिशेब, उधारी आणि लग्नकार्य अशा तिन्ही नात्यांनी ती आधीच जोडलेली होती आणि एजन्सी देणाऱ्या कंपनीला नेमके तेच हवे असे.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण जळगावचेच आहे. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरातल्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. त्यानंतर मोटारसायकली, वाहनांचे सुटे भाग, ट्रॅक्टर, पाइप अशा वस्तूंच्या एजन्सी त्यांनी घेतल्या. पुढे त्यांनी उभारलेला ठिबक सिंचनाचा उद्योग जगभर गेला. त्याचा पाया मात्र एजन्सीच्या व्यवसायात घातला गेला होता, याची आठवण इथे मुद्दाम करून द्यावीशी वाटते. शेतकऱ्याला महागडे यंत्र विकायचे आणि विकल्यानंतर त्याच्या बांधावर पुन्हा जायचे, ही शिस्त या व्यवसायाने खानदेशातील व्यापाऱ्यांना लावली.

स्वातंत्र्यानंतर सरकारने केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना मुभा नाकारली आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स व फोर्ड यांनी इथले काम आवरले. उरल्या त्या मोजक्या भारतीय कंपन्या : अँबेसिडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स, मद्रासची स्टँडर्ड आणि जीप बनवणारी महिंद्र. गाड्या थोड्या आणि मागणी फार, म्हणून १९५९ साली मोटारींच्या वाटप-विक्रीवर सरकारी नियंत्रण आले. विक्रेत्याने मागण्यांची नोंदवही ठेवायची, ग्राहकाने अनामत भरायची आणि नंबर लागेल तशी गाडी द्यायची, असा तो कारभार होता.

ती नोंदवही म्हणजे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणावा लागेल. लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही. त्यात अनुक्रमांक, तारीख, नाव, गाव आणि अनामतीचा तपशील. नाव नोंदवल्यानंतर गाडी हाती येईपर्यंत वर्षे लोटत आणि मधल्या काळात नोंदवणारा माणूस प्रत्येक बाजाराच्या दिवशी पेढीवर डोकावून ‘शेठ, आपला नंबर कुठवर आला?’ असे विचारून जात असे. पुढाऱ्याची चिठ्ठी येई, अधिकाऱ्याचा निरोप येई, व्याह्यांचा आग्रह तर घरातूनच होई. एक नंबर वर सरकवला की खालचे सगळे दुखावले जात आणि जळगावसारख्या गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत सराफ बाजारापासून स्टेशनापर्यंत पोहोचत असे. ज्या कुटुंबांनी त्या टंचाईच्या काळात वहीचा क्रम मोडू दिला नाही, त्यांच्या नावाला वजन आले. आज त्यांच्या नातवंडांना बँकेत आणि बाजारात जी पत मिळते, तिची मुळे मला त्या वहीत दिसतात.

मोटारी मुळातच कमी येत असल्याने या पेढ्यांचा रोजचा चरितार्थ चालला तो जीप, ट्रॅक्टर आणि दुचाकी यांच्यावर. सातपुड्याच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांवर जीपला पर्याय नव्हता आणि पुढे याच वर्गातील गाड्या काळी-पिवळी म्हणून खेडोपाडी प्रवासी वाहू लागल्या. विक्रीचे पंचांग शेतीने ठरवले. दसरा-दिवाळीला कापसाचा पैसा हाती येई, रावेर-यावल भागात केळीचा पैसा बारमाही फिरता राही आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मुहूर्तावर पुन्हा गाड्या बाहेर पडत. सासुरवाशिणी माहेरी येण्याचा हा सण खानदेशात दिवाळीच्या तोडीने साजरा होतो. लेक-जावई घरी असताना दारात नवी गाडी उभी राहावी, ही हौस शेतकरी कुटुंबांत आजही दिसते. विक्रेत्याच्या घरातील मुलगा आठवडी बाजारांतून फिरत असे. त्याला अहिराणी आणि लेवा गणबोली दोन्ही बोलता यावी लागत, कारण हप्त्याची बोलणी प्रमाण मराठीत सुरू झाली तरी क्वचितच त्याच भाषेत संपत.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते मारुती ८०० च्या पहिल्या मालकाला किल्ली देण्यात आली. १९९३ साली मोटारनिर्मिती परवानामुक्त झाली आणि १९९८ साली सँट्रो व इंडिका बाजारात उतरल्या. दीड दशकात व्यवसाय पूर्ण उलटला. आधी ग्राहक पेढीची पायरी झिजवत होता. आता विक्रेता गाडी घेऊन ग्राहकाच्या अंगणात जाऊ लागला. बुकिंगच्या वहीची जागा गोदामातील साठ्याने घेतली. हा साठा बँकेच्या कर्जावर घेतलेला असतो आणि न विकलेल्या प्रत्येक गाडीवर रोज व्याज चढते. शोरूमचे क्षेत्रफळ, फरशीचा रंग, फलकाची उंची, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, सारे कंपनीच्या नियमाप्रमाणे करावे लागते. गावातल्या पेढीची जागा अपुरी पडली, म्हणून ही कुटुंबे महामार्गावर आली. घराच्या कारभारातही बदल झाला. पूर्वी सगळे निर्णय गादीवर बसलेल्या थोरल्या भावाचे असत. आता विमा आणि कर्जाचे काम सुनेकडे, विक्री मुलाकडे आणि सुटे भाग पुतण्याकडे, अशी कामाची वाटणी अनेक ठिकाणी आढळते.

नव्या गाडीच्या विक्रीत सुटणारा नफा तुटपुंजा असतो. पेढीला तगवते ते वर्कशॉप. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा वर्कशॉपच्या दाराशी सकाळी आठलाच रांग लागलेली असते. एसीचा गॅस, कूलंट, रेडिएटरच्या जाळीत बसलेला काळ्या मातीचा फुफाटा, उन्हाने कडक झालेले रबरी पाइप, या तक्रारी इथे ठरलेल्या आहेत. पडद्यावर दिसणारे मेकॅनिक बॉनेटवर हात टेकून, मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत आहेत. संगणक जोडून दोष शोधण्याची सोय शेजारीच आहे आणि तेही ती वापरतात. पण आधी कान देण्याची सवय त्यांनी सोडलेली नाही. त्यांचे वडील याच पेढीत जीपची इंजिने खोलत असत. पेढीचा इतिहास लिहिताना मालकांच्या पिढ्या मोजल्या जातात, तशा या पिढ्याही मोजल्या पाहिजेत.

या घराण्यांना धोका दोन बाजूंनी असतो. घरात वाटणी झाली, तर जमीन आणि दागिने वाटता येतात. एजन्सी वाटता येत नाही, कारण भागीदार बदलायलाही कंपनीची संमती लागते. म्हणून एका भावाकडे मोटारी, दुसऱ्याकडे दुचाकी, तिसऱ्याकडे ट्रॅक्टर, असे वेगवेगळे करार आधीच करून ठेवण्याची दूरदृष्टी काही वडीलधाऱ्यांनी दाखवली. दुसरा धोका कंपनीकडून येतो. जनरल मोटर्सने २०१७ अखेरीस भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा देशभरातील विक्रेत्यांची इमारती आणि यंत्रांत गुंतलेली रक्कम अडकली. अशा वेळी विक्रेत्याला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो असायला हवा, ही विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

प्रदूषणाच्या निकषांनीही कसोटी पाहिली. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३, म्हणजे ‘भारत स्टेज’ या प्रदूषण निकषांच्या तिसऱ्या टप्प्यातील, गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि साठा संपवायला दोनच दिवस उरले. बीएस-४ची मुदत ३१ मार्च २०२० ला संपणार होती; त्याआधी २५ मार्चला देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. मुहूर्तासाठी धुऊन-पुसून ठेवलेल्या गाड्या शोरूममध्ये अडकल्या आणि त्यांच्यावरचे व्याज चालूच राहिले.

आज धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत मुख्य शोरूमच्या शाखा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या आहेत. नोंदणीची बरीचशी प्रक्रिया शोरूममधूनच ऑनलाइन होते. वर्कशॉपच्या एका बाजूला आता विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंगची जागा राखलेली असते. या गाड्यांत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, म्हणजे सर्व्हिसिंगचे उत्पन्न घटणार, हे हिशेब घरातल्या जेवणाच्या पंगतीत मांडले जात आहेत. आणि ज्या कुटुंबांनी पुढची पिढी याच व्यवसायात ठेवण्याचे ठरवले आहे, त्यांनी आपल्या मेकॅनिकांना उच्च विद्युतदाबाच्या बॅटरीचे प्रशिक्षण घेण्यासाठी पाठवायला सुरुवात केली आहे.