बातमी आणणाराच जाहिरात मागायला येतो तेव्हा

नमस्कार मंडळी! मालवणात उभा आहे. मागे रापण ओढणं चाललंय, आरडाओरडा ऐकू येईल, सांभाळून घ्या.

राजकारण, अर्थकारण, संस्कृती यांवर लिहिणारं स्वतंत्र ऑनलाइन नियतकालिक कोकणाला कशाला हवं? व्हॉट्सॲपवर दिवसभर बातम्या पडतातच की.

ही रापण बघा. होडीतून जाळं अर्धगोलात सोडायचं, मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांनी ते किनाऱ्यावर ओढायचं. मासळी विकली की तिचे वाटे पडतात. हे अर्थकारण, आणि गावची रीतसुद्धा हीच. आता त्याच पाण्यात पर्ससीनच्या बोटी आहेत, म्हणजे मासळीचा थवा घेरून खालून आवळायचं मोठं जाळं लावणाऱ्या. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, एलईडी दिव्यांनी मासळी ओढून घ्यायच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. पण १२ सागरी मैलांपर्यंत हद्द राज्याची, त्यापुढे केंद्राची. रेषेपलीकडे दिवे पेटले तर कोणी कोणाला धरायचं? झालं राजकारण सुरू.

पेपरात हे कधी येतं? राडा झाल्यावर. ‘मच्छीमार आमनेसामने’, एक फोटो, विषय संपला. या बोटींमध्ये पैसा कोणाचा गुंतलाय, गस्तीची बोट बंदरातच का, हे खणून काढायचं तर कोणीतरी महिनाभर त्याच्या मागे लागायला हवं.

तो कोणीतरी मिळत नाही, याचं कारण साधं आहे. तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा जाहिरातीही गोळा करतो. साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी, गणपतीच्या शुभेच्छा. सकाळी ज्यांच्याकडे जाहिरातीचं बिल घेऊन गेला, त्यांच्याच डंपरबद्दल संध्याकाळी काय लिहिणार? मी त्याला नावं ठेवत नाही. मानधनात पेट्रोलसुद्धा सुटत नाही. आणि जिवाची भीती वेगळी. तिथल्या नियोजित रिफायनरीबद्दल लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात गाडीखाली चिरडले गेले, खुनाचा गुन्हा दाखल झाला.

बाळशास्त्री जांभेकर आपल्याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. १८४० मध्ये ते बंद पडलं. ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन करतो, फोटोला हार घालतो. वाचकांच्या पैशावर चालणाऱ्या अशा नियतकालिकाच्या वर्गणीचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचे खिसे शिवलेले!

बरं, ‘स्वतंत्र’ अशी पाटी कोणीही लावेल. वर्गणी भरण्याआधी एवढं बघा: पैसे कोण देतं ते छापलंय का, आणि चुकलं तर दुरुस्ती उघड करतात का. लोक परदेशी पैशाचा बागुलबुवा दाखवतात. डिजिटल बातम्यांच्या कंपनीत परदेशी गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच चालते, तीही सरकारच्या परवानगीने. गावच्या ठेकेदाराच्या पैशाला कसली आलीय मर्यादा?

माझं मत विचाराल तर लेखांना कुलूप नको. रापणकराला स्वतःबद्दलचा लेख वाचायला पैसे पडले, तर तो कशाला उघडेल? पैसे मागायचे ते मुंबई-पुण्यातल्या आपल्या चाकरमान्यांकडे. दिवाळी अंकाला दोन-तीनशे रुपये मोजतातच, तेवढेच वर्षाकाठी इकडे वळवा म्हणावं.