सालाझार पडला, पण सालाझारशाही पडायला सहा वर्षं लागली

नमस्कार मंडळी. आज पोर्तुगालबद्दल बोलायचंय, आणि पोर्तुगाल म्हटल्यावर आपल्याला काय त्याचं असं म्हणू नका. हुकूमशहा म्हटलं की आपल्याला हिटलर, मुसोलिनी, फार तर इदी अमीन आठवतो, पण बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या गोव्याला लागून असलेल्या पट्ट्यात जुन्या माणसांना विचारलंत तर नाव एकच येईल, सालाझार. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी सरळ गोळ्या घातल्या, वीसच्या वर माणसं गेली, ते सरकार याचं.

हा गडी काही सैन्यातला जनरल वगैरे नव्हता. कोइंब्राच्या विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्रोफेसर, १९२८ ला अर्थमंत्री झाला, १९३२ ला पंतप्रधान, आणि मग छत्तीस वर्षं उठलाच नाही. भाषणांची हौस नाही, लग्न नाही, राहणी साधी, त्यामुळं लोकांना वाटायचं किती सज्जन माणूस. आणि दुसरीकडं पीडे नावाचे गुप्त पोलीस, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची निळी पेन्सिल, आणि विरोधकांसाठी केप व्हर्देच्या बेटावर ताराफाल नावाची छळछावणी. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात घुसल्या तेव्हा यानं तिथल्या गव्हर्नरला कळवलं होतं की शरणागती नाही, सैनिक एकतर जिंकलेले नाहीतर मेलेले. गव्हर्नर वासालो ई सिल्व्हा शहाणा होता, त्यानं शरणागती पत्करली आणि माणसं वाचवली. घरी गेल्यावर बक्षीस काय, तर सैन्यातून हकालपट्टी.

तर असा हा सालाझार ऑगस्ट १९६८ मध्ये खुर्चीवरून पडला. अहो खरंच पडला, अक्षरशः! लिस्बनजवळ एस्तोरिलला समुद्रकाठच्या किल्ल्यात सुट्टीवर होता, कापडी खुर्चीत बसायला गेला आणि डोकं आपटलं. आधी कुणी फार मनावर घेतलं नाही, मग सप्टेंबरात मेंदूचं ऑपरेशन, त्यात स्ट्रोक, शेवटी राष्ट्राध्यक्षांनी मार्सेलो कायतानोला पंतप्रधान केलं. पण हे सालाझारला सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. मंत्री येऊन बसायचे, कामकाजाचं बोलायचे, म्हातारा सूचना द्यायचा, हे मान हलवायचे आणि निघून जायचे. जुलै १९७० ला तो गेला, तोपर्यंत बहुतेक आपणच देश चालवतोय याच समजुतीत.

मला यातली गंमत वाटत नाही, भीती वाटते. कारण तो नसताना सगळं तसंच चालू होतं! कायतानोनं पाट्या तेवढ्या बदलल्या. गुप्त पोलिसांचं नाव बदललं, सेन्सॉरचं बदलून 'पूर्वतपासणी' केलं, पक्षाचं पण बदललं. तुरुंग तेच. आपले सांगलीचे मोहन रानडे, गोव्यात मराठी शिकवायचे, १९५५ ला बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले, तर गोवा १९६१ ला मोकळा झाला तरी हा माणूस लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगातच. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती धावपळ केली, तेव्हा कुठं जानेवारी १९६९ मध्ये सुटले.

मग हे सगळं पडलं कशानं, तर आफ्रिकेतल्या युद्धानं. अंगोला, गिनी, मोझांबिक, या पोर्तुगालच्या वसाहती, तिथं स्वातंत्र्यासाठी लढाई, तीन आघाड्या, तेरा वर्षं, बजेटचा चाळीसेक टक्के पैसा त्यात, तरुण पोरं भरती चुकवायला लपूनछपून फ्रान्सला पळत होती. आणि कॅप्टन लोकांना कळून चुकलेलं की हे जिंकता येणार नाही आणि वरचे साहेब थांबवणारही नाहीत. त्यात सरकारनं कच्च्या ऑफिसरांना झटपट बढतीचा कायदा काढला, म्हणजे या कॅप्टन लोकांच्या उठावाची सुरुवात पगार-बढतीच्या कुरबुरीनं झाली बरं का, लोकशाहीचं नंतर.

आणि आता आपल्या रेडिओवाल्यांचा भाग. २४ एप्रिल १९७४, रात्री पाच कमी अकरा, लिस्बनच्या एका स्टेशनवर एक प्रेमगीत लागलं, त्या वर्षी युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेला गेलेलं, कुणाला काय संशय येणार. तो उठावाचा पहिला इशारा, तयार रहा. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी रादियो रेनाशेन्सावर 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' लागलं, झेका अफोन्सोचं, ज्याची बरीच गाणी बंदीत होती, आणि हे स्टेशन चक्क चर्चचं! दुसरा इशारा, निघा. पहाटे रेडिओवरून लोकांना विनंती झाली, घरात बसा, बाहेर पडू नका. लोक काय घरात बसतात, सगळं लिस्बन रस्त्यावर. एका हॉटेलात काम करणाऱ्या बाईनं सैनिकांना कार्नेशनची फुलं दिली, त्यांनी बंदुकीच्या नळीत खोवली, मग ते सगळीकडंच झालं. कायतानो एका बराकीत अडकला, कॅप्टन साल्गेरो माइयानं वेढा घातलेला, तर कायतानोचा हट्ट काय, मी सत्ता जनरलच्याच हातात देईन, रस्त्यावर पडू देणार नाही. म्हणून जनरल स्पिनोलाला बोलावलं. त्या दिवशी चार माणसं मेली ती गुप्त पोलिसांनी खिडक्यांतून केलेल्या गोळीबारात.

फोटो इथपर्यंतचेच बघतो आपण. पुढची दोन वर्षं नुसता गोंधळ. सहा हंगामी सरकारं, राष्ट्राध्यक्ष झालेला स्पिनोला पाच महिन्यांत राजीनामा देऊन बाहेर, मार्च १९७५ ला त्याच्याच माणसांचा फसलेला उठाव, तो स्पेनला पळाला, मग बँका सरकारजमा, दक्षिणेकडच्या अलेन्तेजूत शेतमजुरांनी जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. आफ्रिकेतल्या वसाहतींतून पाच लाखांवर पोर्तुगीज लोक परत आले, कित्येकांनी पोर्तुगाल आधी पाहिलाही नव्हता. पण या सगळ्यात एप्रिल १९७५ ला निवडणूक झाली आणि नव्वद टक्क्यांवर मतदान झालं, हे विसरू नका. किंमत मात्र दुसऱ्यांनीच जास्त मोजली. अंगोलात स्वातंत्र्यापाठोपाठ यादवी, ती २००२ पर्यंत, आणि पूर्व तिमोर या आशियातल्या पोर्तुगीज वसाहतीत डिसेंबर १९७५ ला इंडोनेशिया घुसला.

गोव्याचा कागद याच धांदलीत झाला. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत मारियो सोआरेश आणि आपले कराडचे यशवंतराव चव्हाण, दोघं परराष्ट्रमंत्री, यांनी करारावर सह्या केल्या आणि गोवा भारताचा हे पोर्तुगालनं मान्य केलं, तेरा वर्षांनी. वासालो ई सिल्व्हाला हुद्दा परत मिळाला. गोवेकरांनी पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेलं सोनं मात्र लिस्बनहून यायला १९९१ उजाडलं!

आणि गुप्त पोलिसांचं काय? त्यातले ८९ जण १९७५ ला तुरुंगातून पळाले, बाकीच्यांना शिक्षा किरकोळच झाल्या. फायली आता सरकारी दफ्तरखान्यात आहेत, ज्याची त्याला बघता येते.

शेवटी एकच सांगतो. २००७ मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीनं सर्वात थोर पोर्तुगीज कोण म्हणून लोकांकडून मतं मागवली, पहिला आला सालाझार, ४१ टक्के. फोन करून मतं दिलेली, म्हणजे अख्ख्या देशाचं मत नव्हे, तरी खटकतंच. दुसरा कोण माहितीय? आल्व्हारो कुन्याल, कम्युनिस्ट पुढारी, ज्याला सालाझारनं अकरा वर्षं कोंडून ठेवलं होतं आणि जो १९६० ला पेनिशच्या किल्ल्यातून पळाला होता.

चला, वेळ झाली, बातम्यावाले काचेपलीकडून खुणा करतायत. नमस्कार.