क्लब निवडताना बेंचवरच्या मुलाकडे पाहा

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात पालकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

जुलै आला की मेरीलँडमधल्या आपल्या घरांत लॅक्रॉस क्लबांच्या ट्रायआऊटची, म्हणजे निवड चाचणीची चर्चा सुरू होते. कोणता क्लब वरच्या नंबरवर आहे, कोणाची मुलं कुठल्या कॉलेजात गेली, फी किती. बाल्टिमोरच्या आसपास पर्यायांना तोटा नाही. लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं बॉल झेलत, फेकत गोल करण्याचा खेळ, २००४ पासून या राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे आणि यूएसए लॅक्रॉस या राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालयही इथेच, स्पार्क्सला आहे. अडचण आपली वेगळी आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी लॅक्रॉसची स्टिक पहिल्यांदा पाहिली ती मुलांच्याच हातात. क्रिकेटचं शिबिर असतं, तर कोच शिकवतोय की नुसता ओरडतोय, हे आपल्याला पाच मिनिटांत समजलं असतं. इथे ते समजत नाही, म्हणून आपण रँकिंगवर विसंबतो. संघ किती जिंकला ते रँकिंग सांगतं. जिंकण्यासाठी कोणाला बाजूला बसवलं, हे त्यात येत नाही.

चुरस वाईट, असं मी म्हणायला आलेली नाही. ज्या मुलीला मनापासून खेळायचंय, तिला तिच्याहून सरस मुलींविरुद्ध खेळायला मिळालंच पाहिजे. ढिल्या संघात ती कंटाळते, आणि तोही तिच्यावर अन्यायच आहे. माझा आग्रह इतकाच आहे की क्लब किती जिंकतो हे पाहण्याआधी तो खरं बोलतो का, ते पाहा. मुलांशी आणि तुमच्याशीही.

नीतीचा विषय काढला की काहींना ती हरणाऱ्यांची भाषा वाटते. हा खेळ मुळात ज्यांचा, त्या हॉडेनोशॉनी या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांकडे पाहा. त्यांच्यासाठी लॅक्रॉस ही सृष्टिकर्त्यानं दिलेली देणगी आहे, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही ते खेळतात. आणि त्यांच्या पुरुष संघानं २०१४, २०१८ आणि २०२३ अशा सलग तीन जागतिक स्पर्धांत कांस्यपदक जिंकलं आहे. २०२२ च्या वर्ल्ड गेम्सच्या, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेच्या वेळी त्यांना सुरुवातीला प्रवेशच नाकारला गेला होता. टीका झाली, आयोजकांनी निर्णय फिरवला, पण तोवर आठही जागा भरल्या होत्या. तेव्हा आयर्लंडच्या संघानं आपली मिळवलेली जागा स्वतःहून सोडली. ते मोठे खेळाडू होते, वर्ल्ड गेम्सला जायचं म्हणून घाम गाळलेले. हा प्रसंग मी मुलांना दर वर्षी सांगते, कारण मुलांना तो लगेच कळतो.

आता आपल्या मैदानांवर येऊ. मुलग्यांच्या संघात एका वेळी दहा जण खेळतात. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, पंचवीस-तीस नावं असली तर बाकीच्यांना किती मिनिटं मिळणार, हा साधा हिशेब आहे. तो क्लबनं फी घेण्याआधी तुमच्यासमोर मांडला पाहिजे. 'तुमच्या मुलात खूप क्षमता आहे' हे वाक्य सगळ्यांनाच ऐकवलं जातं. 'तुमचा मुलगा या संघात सध्या शेवटच्या पाचांत आहे, वर यायचं तर डावा हात सुधारावा लागेल' असं सांगणारा कोच भेटला, तर त्याला धरून ठेवा. ऐकताना लागतं, पण पोराला काय करायचं ते कळतं. भिंत आणि बॉल घेऊन तो रोज अर्धा तास डाव्या हातानं झेलत बसतो.

मला सर्वांत जास्त खटकतात ते पाहुणे खेळाडू. हिवाळाभर कुडकुडत सराव करणारी मुलगी, आणि मोठ्या स्पर्धेच्या शनिवारी दुसरीकडून आणलेली कोणीतरी तिच्या जागी उतरते. एखादी जखमी झाली, संघच पुरा पडत नाही, तेव्हा पाहुणी बोलावणं वेगळं. पण केवळ चषकासाठी असं होत असेल, तर तुम्ही भरलेल्या पैशातून तुमच्याच लेकीला शिकवलं जातंय की तिच्या मेहनतीला किंमत नाही. ट्रायआऊटच्या आधी त्या क्लबची एखादी स्पर्धा जाऊन पाहा. गोल मारणाऱ्यांकडे नको, बेंचकडे बघा. बसलेली मुलं एकमेकांशी बोलतायत का, कोच त्यांच्याकडे वळून काही सांगतो का, आत गेल्यावर पहिल्याच चुकीला बाहेर खेचतो का.

दुसरी गोष्ट वयाची. अनेक क्लब जन्मवर्षावर नव्हे, तर हायस्कूल संपण्याच्या वर्षावर संघ करतात. त्यामुळे काही कुटुंबं मुलाला एक इयत्ता पुन्हा करायला लावतात, म्हणजे तो वयानं आणि अंगानं मोठा ठरतो. नियमात ते बसतं. 'वर्ष वाया गेलं' या शब्दांची आपल्या घरांत केवढी धास्ती असते! तरीही आपल्याच काही पालकांनी मला याबद्दल विचारलं. अभ्यासासाठी किंवा प्रकृतीसाठी मुलाला ते वर्ष हवं असेल तर जरूर द्या. खेळात अंगानं वरचढ ठरावा म्हणून क्लब ते सुचवत असेल, तर मी तिथून निघून येईन.

आणि कॉलेज. पूर्वी आठवी-नववीतली मुलं कॉलेजांना तोंडी शब्द देऊन मोकळी होत. २०१७ मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेजांतल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेनं, हे थांबवलं. आता अकरावीच्या वर्षी १ सप्टेंबर उजाडेपर्यंत डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटाचे कोच मुलांशी किंवा पालकांशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत. तेव्हा सातवीतल्या मुलाच्या आईबाबांना 'आत्ताच ठरवा, नाहीतर उशीर होईल' असं कोणी म्हणत असेल, तर तो भीती विकतोय. पैशांचंही तसंच. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या पुरुष संघाला जास्तीत जास्त १२.६ शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या चाळीस-पन्नास खेळाडूंत वाटल्या जात. हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. क्लबची फी, हॉटेलं, शोकेसचे (कॉलेजच्या कोचांसमोर खेळायच्या स्पर्धांचे) खर्च यांची बेरीज करताना हे समोर ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिसचं दार उघडलं. आनंदाचीच गोष्ट आहे, पण दहा वर्षांच्या मुलाची फी त्या नावावर कोणी वाढवू नये.

सुरक्षिततेवर मात्र तडजोड नाही. मोठा माणूस मुलाबरोबर एकटा, बंद दाराआड असता कामा नये, कोचनं मुलाला खासगी मेसेज करू नयेत. सेफस्पोर्ट या खेळांतल्या गैरवर्तनाच्या तक्रारी पाहणाऱ्या संस्थेनं कारवाई केलेल्यांची यादी सार्वजनिक आहे. कोचचं नाव तिथे शोधायला दोन मिनिटं लागतात. आणि आपल्या मुलाला रंगावरून, नावावरून कोणी मैदानात डिवचलं तर क्लब काय करतो, हे आधीच विचारा. 'असं आमच्याकडे होत नाही' हे उत्तर मला पुरत नाही. रेफरीला कोण सांगतं, सामना थांबवता का, हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

जेवणानंतर डावीकडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर वेगवेगळ्या क्लबांत मुलं असलेले पालक बसणार आहेत. करार मिळाला असेल तर घेऊन या, विशेषतः मध्येच सोडल्यास फी परत मिळण्याचं कलम आपण एकत्र वाचू. मुलांनाही आणा, त्यांनाही बोलू द्या.