थेंबाच्या वेगाने

[दृश्य : पांडवलेणी, सकाळ. छिन्नीच्या खुणांवर कॅमेरा स्थिरावतो.]

गुहा म्हटली की नाशिककरांना आधी त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी आठवतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसांच्या हातांनी कोरलेली ही लेणी ज्या काळ्या कातळात आहेत, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट आहे. हा कातळ झिजतो, फुटतो, पण पावसाच्या पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही. त्यामुळे पाण्याने विरघळवून घडवलेले भुयार पाहायचे असेल, तर सह्याद्री सोडून चुनखडीच्या मुलखात जावे लागते. आमच्या सहा जणांच्या गटाने त्यासाठी मेघालयातील क्रेम मॉम्लुह ही गुहा निवडली. तिथल्या खासी भाषेत क्रेम म्हणजे गुहा.

[दृश्य : सोहराचे पठार. ढग दरीतून वर चढत आहेत.]

हे सोहरा. क्रेम मॉम्लुह याच परिसरात आहे. भूगोलाच्या पुस्तकातून आपण चेरापुंजी म्हणून पाठ केलेल्या गावाचे तिथल्या लोकांच्या तोंडी असलेले नाव हेच आहे. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इथली सरासरी अकरा हजारांच्या घरात जाते. पठाराच्या कडेवरून हे पाणी बांगलादेशाच्या सपाटीकडे धावते आणि त्यातले बरेचसे वाटेतल्या चुनखडीत शिरते. ही चुनखडी पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राच्या तळाशी, असंख्य जिवांच्या कवचांचा गाळ साचून तयार झाली आहे.

[दृश्य : नाशिक, स्वयंपाकघराचा ओटा. काचेचा पेला, त्यात नळी.]

पाणी दगड कसा खाते, हे समजून घेण्यासाठी शाळेतला एक प्रयोग पुन्हा करून पाहावा, म्हणून परतल्यावर आम्ही तो घरीच चित्रित केला. पेल्यात चुन्याची निवळी आहे. नळीने तिच्यात फुंकर घातली की उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते, हे सर्वांना आठवते. बहुतेक जण इथेच थांबतात. फुंकत राहिल्यास काही वेळाने तेच दुधाळ पाणी पुन्हा स्वच्छ होऊ लागते, कारण आधी साका होऊन बसलेले कॅल्शियम कार्बोनेट आता जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट होऊन विरघळलेले असते. मॉम्लुहच्या डोंगरात फुंकर घालण्याचे काम माती करते. मुळे आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनामुळे मातीत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. त्यातून झिरपताना पावसाचे पाणी किंचित आम्ल होते, खडकातील भेगांत उतरते आणि भेगेची फट, फटीचे भुयार करीत जाते. तेच पाणी गुहेच्या मोकळ्या हवेत पोहोचले की त्यातील वायू निसटतो आणि चुना पुन्हा घट्ट होऊन बाहेर पडतो. बोअरचे पाणी तापवणाऱ्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोही याच जातीचा. बंबात हे काम उष्णता करते, गुहेत ते थंडपणे, एकेका थेंबाने होते.

[दृश्य : गुहेचे तोंड. हेल्मेट घातलेली माणसे एकेक करून वाकून आत शिरतात.]

मेघालयात बहुतेक जमीन गावाच्या किंवा कुळाच्या मालकीची असते, त्यामुळे गुहेत जाण्याआधी गावाला विचारणे हा रीतीचा भाग आहे. आमच्यासोबत आलेल्या वाटाड्याला आम्ही बाह म्हणत होतो. आपण दादा म्हणतो तसेच ते आहे. निघण्यापूर्वी त्यांनी प्रत्येकाच्या विजेऱ्या स्वतः मोजल्या. माणशी तीन विजेऱ्या हव्यातच, असा त्यांचा दंडक होता. आमच्यातील एकाकडे दोनच निघाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरातून तिसरी आणून दिली आणि मगच पाऊल उचलले. हंगाम हिवाळ्याचा होता. पावसाळ्यात या भुयारात पाणी कधी भरेल याचा नेम नसतो, तेव्हा आत जायचे नाही.

[दृश्य : कमरेएवढे पाणी. हेल्मेटच्या दिव्याखाली तपकिरी चिखल, मग अचानक उंच दालन.]

आत पायवाट नाही, कठडा नाही, ओढलेली तार नाही. चार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या गुहेत आम्ही फारच थोडे अंतर गेलो, पण त्या थोड्या अंतरातही शरीराला आपला वेग सोडून द्यावा लागला. कुठे गुडघाभर, कुठे कमरेपर्यंत थंड पाणी होते, आणि तळ दिसत नसल्यामुळे पाय टाकण्याआधी चाचपणे भाग होते. एका ठिकाणी छत इतके खाली येते की पाठीवरची पिशवी काढून पुढे ढकलावी लागते. बाह पुढे राहून हात कुठे ठेवायचा हे दिव्याच्या झोताने दाखवत होते. पांढऱ्या, ओल्या, चमकत्या दगडावरून मात्र झोत पटकन बाजूला घेत होते, म्हणजे तिथे हात लावायचा नाही.

[दृश्य : छताला लटकलेली काडीएवढी पोकळ नळी. टोकाशी थेंब. दृश्य न तोडता.]

संपूर्ण प्रवासातील हे सर्वांत मोलाचे चित्रण आहे. शाळेत ज्याला आपण अधोमुखी लवणस्तंभ म्हणतो, त्याचे हे बालपण. नळी आतून पोकळ आहे. पाणी तिच्या पोकळीतून उतरते आणि टोकाशी थांबते. थांबलेल्या थेंबाच्या कडेला चुन्याची जी अतिसूक्ष्म कड धरते, तेवढीच नळी वाढते. हा थेंब सत्तर सेकंद लटकून होता. अशी वाढ वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, कुठे त्याहून कमी, कुठे जास्त असते. या हिशेबाने तळहाताएवढी लांबी म्हणजे सुमारे हजार वर्षे. हाताचे तेल लागले की त्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा धरत नाही, वाढ अडते आणि डाग राहतो.

[दृश्य : ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या छेदाचे रेखाचित्र, वलये.]

खाली पडलेला थेंब जमिनीवर ऊर्ध्वमुखी स्तंभ उभारतो आणि त्याच्या थरांत, पडून गेलेल्या पावसाची नोंद राहते. पाण्यातील जड व हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण पावसाच्या जोरानुसार बदलते. त्यावरून पाऊस कळतो, आणि थरातील युरेनियमचे थोरियम किती झाले हे मोजून थराचे वय काढता येते. याच गुहेतील एका स्तंभात सुमारे 4,200 वर्षांपूर्वी मान्सून दुबळा झाल्याची खूण सापडली. त्याच सुमारास पडलेल्या दीर्घ दुष्काळाच्या खुणा इजिप्तपासून चीनपर्यंत मिळाल्या आहेत. 2018 साली खडकांच्या थरांवरून पृथ्वीचे कालखंड ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाने पृथ्वीच्या चालू कालखंडाला मेघालयन हे नाव दिले आणि त्याच्या आरंभाचे प्रमाण म्हणून या गुहेतील स्तंभ निश्चित केला. 2022 मध्ये मॉम्लुहचा समावेश जगातील पहिल्या शंभर भूवैज्ञानिक वारसास्थळांत झाला. आपण आज ज्या काळात जगतो आहोत, त्याची सुरुवात जिथे मोजली जाते ती जागा अशी चिखलाने माखलेली, अंधारी आणि बिनपाटीची आहे, याचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

[दृश्य : मोडलेल्या नळ्यांची थोटके. भिंतीवर कोरलेली नावे.]

आठवण म्हणून मोडून नेलेल्या नळ्या परत उगवत नाहीत, आणि चुनखडीचे खाणकाम हा मेघालयातील गुहांपुढचा धोका आहेच.

[दृश्य : मॉसमई गुहा. विजेचे दिवे, पायऱ्या, आजीचा हात धरलेला नातू.]

इथून जवळच असलेल्या मॉसमई गुहेत पायऱ्या आणि दिवे आहेत. लहान मुले व वृद्ध तिथे निर्धास्त फिरतात, हे चांगलेच आहे. परंतु कायमच्या दिव्यांखाली गुहेत शेवाळ धरते आणि पांढऱ्या दगडावर हिरवट पट चढतात. मॉसमई आहे, म्हणून मॉम्लुहला तशीच राहू द्यावी, असे आम्हाला मनापासून वाटते. तिथे पोहोचण्यासाठी गावाला विचारावे लागते, वाटाड्या घ्यावा लागतो, सहाहून अधिक माणसे नेली तर गैरसोय होते. ही गैरसोयच त्या नळ्यांचे कुंपण आहे.

[दृश्य : गुहेचे तोंड, आतून. बाहेरचा उजेड. मग बादली, चिखलाचे बूट.]

बाहेर आल्यावर बाहंनी बूट तिथेच धुवायला लावले, कारण एका गुहेतील माती दुसऱ्या गुहेत नेऊ नये. निघताना परतण्याची वेळ आम्ही त्यांच्या घरी सांगून गेलो होतो. दुपारी तीन. घरातील वडीलधाऱ्या कोंग, म्हणजे ताई, दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात घड्याळ होते. तीनला दहा मिनिटे कमी होती.