ताप नाही, डेंग्यू नाही, मग प्लेटलेट गेल्या कुठं?

नमस्कार मंडळी. अमळनेरात व्याख्यान म्हटलं की लोकांना साने गुरुजी नाहीतर तत्त्वज्ञान ऐकायची सवय आहे आणि आज तुम्ही एका पॅथॉलॉजीवालीला उभं केलंय, तर विषय रक्ताचाच निघणार. आयटीपी. इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया असं त्याचं लांबलचक नाव, एकदा म्हणून टाकलं, आता परत म्हणणार नाही. सोप्या भाषेत, शरीर स्वतःच्याच प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, मारून टाकतं तो आजार.

पावसाळा संपत आला की आमच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न असतो, "मॅडम, प्लेटलेट कितल्या वाढन्यात?" डेंग्यूत हा प्रश्न ठीक आहे, कारण तिथं ताप येतो, अंग मोडून निघतं, चार-पाच दिवसांनी प्लेटलेट पडतात आणि आठवड्याभरात बहुतेकांच्या आपोआप वर येतात. पण मग मधेच एखादं माणूस असं येतं की ताप नाही, सर्दी नाही, जेवण व्यवस्थित, सकाळी शेतात जाऊन आलेलं, आणि मशीन दाखवतं नऊ हजार. नॉर्मल माणसाला एका मायक्रोलिटरमध्ये दीड लाख ते साडेचार लाख असतात हे आता पोरंसोरंही सांगतात, त्यामुळे नऊ हजार ऐकलं की घरात रडारड सुरू.

पारोळ्याकडची एक बाई होती, कापूस वेचायला जाणारी. हातापायावर निळे-काळे डाग. आता बाईच्या अंगावर असे डाग दिसले की आजूबाजूचे काय समजतात ते तुम्हाला सांगायला नको, नवरा बिचारा मान खाली घालून बसलेला. सासू एकटीच खमकी, ती म्हणे, "हात नही लावत तो, तुम्ही नीट दखा." मग मी तिच्या नडगीवर बघितलं, तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, शेकड्यांनी. काचेची स्लाइड घेऊन वरून दाबलं. घामोळं किंवा ॲलर्जीचं पुरळ असेल तर दाबल्यावर पांढरं पडतं, हे ठिपके तसेच्या तसे लाल, कारण रक्त नसेच्या बाहेर येऊन कातडीखाली बसलेलं असतं. पाळी दहा-दहा दिवस चालायची, ते तिनं कोणाला सांगितलंच नव्हतं, विचारल्यावर सांगितलं. नवऱ्याची मान तेव्हा वर झाली.

आता इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. आकडा कमी आला की आधी मशीनवर विश्वास ठेवायचा नाही. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट त्या ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, मशीन त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही आणि धडधाकट माणसाला वीस हजाराचा रिपोर्ट मिळतो. म्हणून स्लाइडवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघायचं, शंका असेल तर निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या बाटलीत परत रक्त घ्यायचं. तुमच्या रिपोर्टवर "स्मिअर पाहिला", म्हणजे ही पसरलेली स्लाइड पाहिली, असं काही लिहिलेलं नसेल तर बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही. येत असला तरी विचारा.

या बाईच्या स्लाइडवर गठ्ठे नव्हते. खरोखरच प्लेटलेट तुरळक, पण ज्या होत्या त्यातल्या बऱ्याच आकारानं मोठ्या, म्हणजे नुकत्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या. लाल पेशी, पांढऱ्या पेशी दिसायला ठीक. हे चित्र दिसलं की आयटीपीचा संशय घट्ट होतो.

होतं काय ते बघा. शरीर ज्या अँटीबॉडी जंतूंसाठी बनवतं, तसल्याच अँटीबॉडी चुकून स्वतःच्या प्लेटलेटवर जाऊन चिकटतात. मार्केट यार्डात खराब म्हणून खडूची खूण केलेलं पोतं जसं बाजूला काढतात तशी ती खूण झालेली प्लेटलेट प्लीहेत, म्हणजे पानथरीत गेली की तिथल्या पेशी तिला खाऊन टाकतात. एरवी प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते, इथं काही तास, फार तर एक-दोन दिवस. आणि बोनमॅरोत, म्हणजे हाडातल्या मगजात, नवीन प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींनाही त्याच अँटीबॉडी त्रास देतात, त्यामुळे खर्च जास्त आणि आवकही कमी.

हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याला संशय होता की पेशंटच्या रक्तातच काहीतरी आहे जे प्लेटलेट मारतं. 1950 साली या पठ्ठ्यानं आयटीपीच्या पेशंटचं रक्त स्वतःच्या नसेत चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट तळाला गेल्या, अंगावर ठिपके आले, फिटसुद्धा आली, आणि आठवडा व्हायच्या आत परत वर आल्या. 1951 मध्ये ते छापून आलं. आजची कुठलीही एथिक्स कमिटी याला उभं करणार नाही, आणि तुम्हीही असलं काही करू नका, पण त्या वेडेपणामुळे हे पक्कं झालं की माणसाच्या खाण्यात, वागण्यात, रक्ताच्या "पातळपणात" दोष नाही. आणि त्याच्याही आधी, 1916 ला, प्रागमध्ये काझ्नेलसन नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यानं सुचवलं होतं की पानथरी काढून बघा, काढली आणि पेशंटच्या प्लेटलेट वाढल्या. कारण माहीत नसताना उपाय सापडला होता.

या आजाराची अशी एक तपासणी नाही की केली आणि पॉझिटिव्ह आली. बाकीची कारणं एकेक बाजूला सारत जायचं. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, थायरॉइड, ल्युपस नावाच्या, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या दुसऱ्या आजारासाठी एएनए ही रक्ततपासणी, कोणती गोळी नवीन सुरू झाली का, दारू किती. पोटात पानथरी हाताला लागत असेल तर मात्र सावध, आयटीपीत ती सहसा वाढत नाही, मग मलेरिया, लिव्हर, आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यातले पेशंट असतील तर सिकलसेल, असं दुसरीकडे बघावं लागतं. बोनमॅरो प्रत्येकाची काढायची गरज नसते. आणि ब्लड कॅन्सर आहे का, हा प्रश्न जो प्रत्येक जण मनात ठेवतो आणि विचारत नाही, त्याचं उत्तर बऱ्याचदा त्या स्लाइडवरच मिळतं. विचारत जा हो, रात्रभर गुगल करत बसण्यापेक्षा.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी आले. या आजारात आकड्यावर उपचार होत नाही, रक्तस्रावावर होतो. मोठ्या माणसाच्या प्लेटलेट तीस हजाराच्या वर आहेत आणि रक्त कुठून येत नाही, तर साधारणपणे औषधच देत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. लोकांना हे पटत नाही. दीड लाखाच्या खाली म्हणजे काहीतरी केलंच पाहिजे, सलाईन तरी लावा! लहान मुलांत तर अजून वेगळं, व्हायरल तापानंतर दोन-तीन आठवड्यांनी ठिपके येतात, आकडा दहा हजार असेल पण पोरगं अंगणात हुंदडतंय, तोंडात-नाकात रक्त नाही, तर डॉक्टर सांगतात की बघत राहू, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. मोठ्यांमध्ये मात्र आजार बऱ्याचदा रेंगाळतो. पहिले तीन महिने नवीन म्हणायचं, बारा महिन्यांच्या पुढे गेला तर क्रॉनिक.

आणि प्लेटलेट चढवायच्या म्हणून जो धावपळीचा मेसेज ग्रुपवर फिरतो, डोनर पाहिजे, अर्जंट पाहिजे, त्याचं सांगते. आयटीपीत चढवलेल्या प्लेटलेटवरही तीच खूण होते आणि त्याही खाल्ल्या जातात. जीवावर बेतलेला रक्तस्राव असेल किंवा तातडीचं ऑपरेशन असेल तेव्हा देतात, नुसता आकडा वर आणायला नाही. पपईच्या पानाच्या रसाचंही तेच. पपईचं झाड दारात आहे म्हणून तुम्ही रस काढणार, मला माहीत आहे, पण त्यानं अँटीबॉडी थांबतात असा पुरावा नाही, आणि त्या नादात स्टिरॉइड बंद केलेली माणसं आमच्याकडे परत येतात.

स्टिरॉइड हे नाव ऐकलं की अर्धे लोक पळतात. सुरुवातीला तेच देतात, प्रेडनिसोलोन काही आठवडे किंवा डेक्सामेथासोन चार दिवस, आणि बऱ्याच जणांच्या प्लेटलेट एक-दोन आठवड्यांत वाढतात. त्रास होतो, खोटं कशाला सांगू. भूक खवळते, तोंड सुजतं, झोप उडते, साखर वाढते, काही जण उगाच घरच्यांवर ओरडतात. घरच्यांनो, तेव्हा जरा समजून घ्या, तो माणूस नाही, गोळी ओरडतेय. पण दोन गोष्टी पक्क्या. मनानं एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणायचं. आणि महिनोन्‌महिने मेडिकलवरून तीच चिठ्ठी दाखवून घेत बसायचं नाही. सहा आठवड्यांच्या पुढे लागतच असेल तर रक्तविकारतज्ज्ञाला गाठा, जळगाव, नाशिक, संभाजीनगर, नाहीतर भुसावळहून मुंबईची गाडी. पुढचे उपाय आहेत, अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब आहे, प्लेटलेट बनवायला बोनमॅरोला ढकलणारी एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी आहे, आणि शेवटी पानथरीचं ऑपरेशन, जे शक्यतो पहिलं वर्ष उलटल्याशिवाय करत नाहीत, आणि करायच्या आधी न्यूमोनिया-मेंदूज्वराच्या लशी घ्यायच्या असतात. पानथरी काढलेल्या माणसाला ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

त्या एल्ट्रोम्बोपॅगची एक गंमत आहे. दूध, दही, ताक यातल्या कॅल्शियमबरोबर ती गोळी पोटात गेली की शोषलीच जात नाही. गोळी घेतल्यावर दोन तास आणि गोळीच्या आधी चार तास दुधाचं काही नको. आपल्याकडे सकाळचा चहा दुधाचा, दुपारी ताक, रात्री परत दूध, त्यामुळे इतकी महागाची गोळी ताकाबरोबर वाया जाते आणि पेशंट म्हणतो गुण येत नाही.

रोजच्या जगण्यातलं सांगते. अंग दुखलं की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणायची नाही, ॲस्पिरिन तर नाहीच, त्या गोळ्या उरलेल्या प्लेटलेटचंही काम बिघडवतात. पॅरासिटामॉल चालते. गावातल्या डॉक्टरला "एक सुई मारून द्या" म्हणायची आपली जी खोड आहे ती सोडा, कमरेत सुई टोचली तर तिथं रक्ताची गाठ होते. दाढ काढायची असेल तर आधी सांगा. मशेरी लावणाऱ्या माय-मावश्यांनो, हिरड्यातून रक्त येतंय ते आजारामुळे की मशेरीमुळे हे मला कळत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी तरी सोडा आणि मऊ ब्रश घ्या. शेतात जायला हरकत नाही, आकडा फार खाली असताना विळा-कोयत्याचं काम आणि मोटारसायकलवरून उगाच फिरणं टाळायचं.

धावायचं कधी? तोंडात रक्ताचे फोड आले, नाकातलं रक्त थांबेना, लघवी लाल किंवा संडास डांबरासारखी काळी झाली, आणि सगळ्यात महत्त्वाचं, अचानक जोराचं डोकं दुखून उलटी, बडबड किंवा गुंगी. डोक्यात रक्तस्राव होणं दुर्मिळ आहे, पण तेव्हा आकडा विचारत बसायचं नाही, गाडी काढायची. बाकी वेळी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच तपासणी करा. रोज रक्त देऊन बावीस हजाराचे एकोणीस झाले म्हणून जेवण टाकणारी माणसं आहेत, तेवढा फरक तर मोजण्यातलाही असतो. थकवा येतो मात्र, तो खरा आहे, आळस म्हणू नका.

मघाशी त्या मागच्या रांगेतल्या आजींनी चिठ्ठी पाठवली, नातीला हा आजार निघालाय, लगीन होईल का, मूल होईल का. आजी, हा संसर्गाचा रोग नाही, एका ताटात जेवा. लग्न होऊ द्या, पण लपवून नको, कारण पुढे बाळंतपणात सगळ्यांना माहीत असावं लागतं. दिवस राहतात, बाळंतपणही होतं, फक्त घरी किंवा कुठल्याही लहान दवाखान्यात नको, जिथं रक्तपेढी जवळ आहे आणि रक्तविकाराचा डॉक्टर फोनवर तरी आहे तिथं नाव घाला, बाळंतपणाच्या वेळी पन्नास हजाराच्या आसपास प्लेटलेट असल्या तर बऱ्या, पाठीतली भूल द्यायची का ते तिथले डॉक्टर आकडा बघून ठरवतील. आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळात जाऊ शकतात म्हणून जन्मल्यावर बाळाचंही रक्त तपासायचं आणि पहिल्या काही दिवसांत परत एकदा, कारण बाळाचा आकडा जन्मानंतर अजून खाली जाऊ शकतो. आणि पाळी जास्त जात असेल तर आत्ताच सांगायला लावा तिला, त्यावर गोळ्या आहेत, सोबत लोह लागेल. उद्या सकाळी तिला घेऊन या, फाइल सगळी आणा, जुने रिपोर्टसुद्धा. आधीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट किती होत्या ते मला बघायचंय.